शेवटचा फर्मा नसलेली रहस्यकथा, आणि रद्दीत हात काळे करणारे आपण

फाटकंपान

मंडळी, रविवारी जुन्या बाजारात गेलो होतो. गेलो होतो नळाची जुनी पितळी तोटी बघायला, घरी आलो पुस्तक घेऊन. बायकोने विचारलं, तोटी कुठाय. असो.

एका ताडपत्रीवर गंजलेले पाने, मिक्सरची भांडी आणि एका कोपऱ्यात पुस्तकांचं पोतं. त्यातून हे निघालं. मुखपृष्ठ नाही, मलपृष्ठ नाही, पहिली चार पानं नाहीत. पान ५ ते ११२ आहेत. त्यामुळे नाव, लेखक, प्रकाशक, साल काहीच कळत नाही. कागद चहाच्या रंगाचा झालाय, पान दुमडलं की बिस्किटासारखं तुटतं. जांभळा शिक्का आहे, त्यातलं फक्त "...वाचनालय, दादर" वाचता येतं आणि खाली "पुस्तकांत कांहीं लिहूं नये".

आणि बरोब्बर त्या शिक्क्याखाली, पान ७ वर, पेन्सिलने कुणीतरी लिहिलंय: "खुनी मामा."

पान ११२ असं संपतं: 'इन्स्पेक्टर म्हणाले, "खून करणारा माणूस ह्याच खोलींत आहे." त्यांनीं सावकाश सिगारेट पेटविली आणि'

बस. पुढे फक्त गंजलेल्या दोन पिना.

मध्ये एका पानावर "आमचीं आगामी पुस्तकें" अशी जाहिरात आहे, "प्रत्येकी ७५ न. पै.", पत्ता मुंबई ४. प्रकाशकाचं नाव असलेला कोपरा कसरीने खाल्लाय.

प्रश्न: १) हे साधारण कधीचं असावं? २) अशी अर्धवट पुस्तकं तुम्ही घेता का, की मीच येडा? ३) मामावर विश्वास ठेवू का?

सुपारीफुटी

३) मामावर कधीच विश्वास ठेवू नये. बाकी जाणकार सांगतील.

टिचकी

केवढ्याला घेतलंत ते सांगा आधी.

फाटकंपान

वीस रुपये. त्याने चाळीस सांगितले होते. मी म्हणालो, अरे शेवट नाहीये. तो म्हणाला, "साहेब, शेवट सगळ्यांना माहीतच असतो, पोलीस पकडतो."

टिचकी

हसून हसून पुरेवाट. त्याला वीस रुपये जास्त द्यायला हवे होते.

खिळाजुळारी

वडिलांचा छापखाना होता, त्यामुळे थोडं सांगू शकतो.

"न. पै." म्हणजे नवे पैसे. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला आली. त्याआधी किंमत आण्यांत असायची. "नवे" हा शब्द सरकारने जून १९६४ मध्ये काढला. म्हणजे तुमचं पुस्तक साधारण या सात वर्षांतलं. अर्थात प्रकाशक लोक कायदा कुठे घड्याळ लावून पाळतात, एक-दोन वर्षं इकडेतिकडे धरा.

मुंबई ४ हा पिनकोडच्या आधीचा पत्ता. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून. नंतरच्या पुस्तकावर ४०० ००४ दिसेल. "खोलींत", "त्यांनीं" हे अनुस्वार जुन्या शुद्धलेखनाचे. १९६२ ला नवे नियम आले, पण खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवणाऱ्यांच्या बोटांना ते पोचायला वेळ लागला. आमच्याकडचे एक कंपोझिटर निवृत्त होईपर्यंत "नाहीं" वर टिंब देत होते.

पान उलटं करून हलकेच बोट फिरवा. खिळ्यांचा ठसा पाठीमागे खरखरीत लागला तर ते खिळेजुळणीचं. ऑफसेटवर छापलेल्या कागदाची पाठ गुळगुळीत असते.

आणि ११२ म्हणजे सोळा पानांचे सात फर्मे (एका मोठ्या कागदावर एकदम छापून घडी घातलेला गठ्ठा म्हणजे फर्मा). पुस्तक आठ फर्म्यांचं, १२८ पानी असणार. तुमचा शेवटचा अख्खा फर्मा गेलाय. बाजूने तारेच्या पिना मारलेल्या पुस्तकाचं हेच होतं. मलपृष्ठ सुटलं की त्याला चिकटलेला फर्मा मागोमाग जातो.

फाटकंपान

खिळाजुळारी काका, आत्ता बोट फिरवून पाहिलं. खरखरीत! अंगावर काटा आला. रहस्यकथेत नाही आला तेवढा.

चौथीसीट

धागा वाचून जुने दिवस आठवले. आमच्या चाळीत एक प्रत फिरायची आणि अकरा घरांत वाचली जायची. बाबुराव अर्नाळकर म्हणजे आमचं दैवत. झुंजार, काळापहाड, धनंजय आणि छोटू. हजाराच्या वर पुस्तकं लिहिली त्या माणसाने! खरं नाव चंद्रकांत चव्हाण, हे मला चाळिशीत कळलं.

तुमच्या पुस्तकात यांपैकी कुणी आहे का?

फाटकंपान

नाही ना. नुसता "इन्स्पेक्टर". आडनावही नाही. मामा, एक विधवा आत्या, एक डॉक्टर, एक सेक्रेटरी, आणि शिकारीचा नाद असलेला एक जमीनदार, जो पान ११ वर मरतो.

रात्रपाळी

मग ते अर्नाळकर नसावेत. त्या काळात त्यांच्यामागे डझनाने लेखक लिहायचे, कुणी दोन पुस्तकांत संपले, कुणी टोपणनावाने लिहून पुढे शाळेत मुख्याध्यापक झाले. त्यांची नोंद कुठेच नाही. आपण अर्नाळकर, नारायण धारप, गुरुनाथ नाईक, सुहास शिरवळकर ही नावं घेतो कारण ती टिकली. बाकीचे सगळे असे फाटक्या पानांतच उरलेत. मला खरा रस यांच्यात आहे.

स्पष्टवक्ता_७१

थोडं थंड पाणी ओततो. यातलं नव्वद टक्के लिखाण सुमार होतं. इंग्रजी कथा उचलायच्या, लंडनचं धुकं माथेरानला आणायचं, नोकराचं नाव पांडू ठेवायचं, झालं. धारपांची लुचाई ही कादंबरी स्टीफन किंगच्या सालेम्स लॉटवरून आहे हे आता सगळ्यांना माहीत आहे, शपथ ही किंगच्याच 'इट'वरून. आठवणी म्हणून जपा, पण साहित्य म्हणून डोक्यावर घेऊ नका.

नीलमोहर

स्पष्टवक्ता, तुमचं अर्धं पटतं. मुळं बाहेरची आहेत हे खरंच. पण लुचाई वाचताना मला अमेरिकेतलं गाव दिसलं नाही, मला माझ्या आजोळचा बंद वाडा दिसला. संध्याकाळी दिवेलागण झाली की माजघरातून परसात जायचं नाही असा दंडक होता आमच्याकडे. धारपांनी ती भीती बरोब्बर पकडली. धारपांच्या समर्थ या नायकाच्या कथांमध्ये तर भूत घालवायला आधी माणसाची चौकशी होते, घर कुणाचं, कर्ज कुणाचं, कोण कुणाशी कसं वागलं. हे उसनं आणता येत नाही.

आणि माथेरानला धुकं असतंच हो!

स्पष्टवक्ता_७१

माथेरानच्या धुक्याबद्दल माघार. बाकीवर ठाम.

वाचनालयवाल्यांची_लेक

फाटकंपान यांच्या दुसऱ्या प्रश्नावर बोलते, कारण आमच्या घरात ही पुस्तकं धंदा म्हणून होती.

बाबांची फिरती लायब्ररी होती, उपनगरात, दहा बाय बाराच्या गाळ्यात. रहस्यकथा हा हुकमी माल. जाड कादंबरी आठवडा आठवडा अडकून पडायची, ही पुस्तकं मात्र सकाळी गेली की संध्याकाळी परत, म्हणजे एकाच दिवसात दोनदा भाडं. नवं पुस्तक आलं की बाबा आधी त्याच्या पिना काढायचे, दाभणाने तीन भोकं पाडून दोऱ्याने शिवायचे आणि खाकी कागद चढवायचे. पातळ असली तर तीन-तीन एकत्र बांधायचे आणि पुठ्ठ्यावर काळ्या शाईने नुसतं "रहस्य" आणि नंबर. सुंदर रंगीत मुखपृष्ठं त्या बांधणीत आत चिकटून गेली. आज त्याचं वाईट वाटतं, पण तेव्हा मुखपृष्ठ म्हणजे फाटणारी वस्तू, एवढंच.

पानांवर लिहिणारे तर ठरलेले असायचे. एक आजोबा होते, ते प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी लाल पेन्सिलने "ठीक", "भिकार" किंवा "पूर्वी वाचले आहे" असं लिहायचे. लोक पुस्तक न्यायच्या आधी शेवटचं पान उघडून आजोबांचा शेरा बघायचे! बाबा चिडायचे, पण त्यांना सांगायची हिंमत नव्हती, कारण आजोबा वर्षाची वर्गणी एकदम भरायचे.

केबल आलं आणि तीन-चार वर्षांत सगळं आटोपलं. शेवटी पोती भरून रद्दीत दिली. किलोवर. मी तेव्हा दहावीत होते, मला काहीच वाटलं नाही. आता त्याच पोत्यांतलं एखादं मिळेल म्हणून रद्दीच्या दुकानात डोकावते.

सुपारीफुटी

ताई, शेवटचा परिच्छेद वाचून गप्प झालो.

कोकणी_दमट

पहिल्या मुखपृष्ठांचा विषय निघालाच आहे तर: अर्नाळकरांच्या पुस्तकांवरची रघुवीर मुळगावकरांची चित्रं पाहिलीत का कुणी मूळ छपाईत? फवाऱ्याने रंगवायचे ते. गालावरची चकाकी, रिव्हॉल्व्हरची नळी, मागे निळा-काळा अंधार. माणूस मूळ गोव्याचा. कॅलेंडरवर त्यांनी लक्ष्मी-सरस्वती काढल्या आणि पुस्तकांवर बुरखेधारी. आमच्या घरी देवघरात त्यांचं कॅलेंडर होतं आणि माळ्यावर त्यांचा बुरखेधारी. दोघांचे डोळे सारखेच.

गुरुनाथ नाईकही मूळचे गोव्याचेच. त्यांचीही हजारावर पुस्तकं. त्यांचा कॅप्टन दीप वाचून मी सैन्यात जाणार होतो, मग चष्मा लागला.

टिचकी

गोव्याचा विषय निघालाय म्हणून अवांतर: चंद्रकांत काकोडकरसुद्धा तिकडचेच की. आमच्या मावशीच्या गादीखाली सापडायचे. त्यांच्या श्यामा या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला होता, १९६२ च्या रंभा दिवाळी अंकातली कथा. थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९६९ मध्ये ते सुटले. मोठ्या अपेक्षेने मी ती कथा शोधून वाचली. काही नाही हो त्यात. मावशीने गादीखाली का ठेवलं होतं कळेना.

नीलमोहर

गादीखाली ठेवल्याने मजा वाढते.

थेम्सकाठचा

मी गेली पंधरा वर्षं इंग्लंडात. इथे हाच नाद मी इंग्रजी पुस्तकांवर भागवतो. धर्मादाय दुकानांत जुनी पेपरबॅक मिळतात. पॅन प्रकाशनाच्या भयकथा संग्रहांची मालिका जमवतोय, १९५९ ला पहिला खंड, १९८९ पर्यंत तीस. शेवटचे काही खंड कमी छापले गेले, त्यामुळे त्यांचे भाव पाहून तोंडाला फेस येतो. पहिले दहा मात्र कुठेही दोन-तीन पौंडांत.

गंमत म्हणजे इथे या छंदाला इज्जत आहे. सूची आहेत, कुठल्या आवृत्तीचं मुखपृष्ठ कसं हे लिहून ठेवलेलं आहे. आपल्याकडे हजार-हजार पुस्तकं लिहिणाऱ्यांची पूर्ण यादीसुद्धा हाताशी नसते. गेल्या वेळी सुट्टीत आलो तेव्हा हुतात्मा चौकात आणि माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फूटपाथवर दोन दिवस फिरलो. इंग्रजी ढिगाने. मराठी मागितलं तर एकाने दहावीचं गाईड काढून दिलं.

जुनादर

माटुंग्याला मराठी मागायचं नसतं राव, उपसायचं असतं.

माझा पंचवीस वर्षांचा अनुभव. रद्दीवाला किलोवर विकत घेतो आणि नगावर विकतो. आपलं काम एवढंच की त्याला "किलो"मध्येच राहू द्यायचं. त्यासाठी एकटं पुस्तक कधी उचलायचं नाही. एक पाककृतींचं, एक भविष्याचं, एक इंजिनिअरिंगचं, आणि त्यांच्या मधोमध आपलं. चेहरा असा ठेवायचा की कुणाच्या तरी मयताला आलोय. एकदा मला धारपांची जुनी आवृत्ती दिसली, मुखपृष्ठासकट, आणि तोंडातून "अरे वा" निघून गेलं. त्या "अरे वा"चे तीनशे रुपये लागले. तेव्हापासून सौ. बरोबर असेल तर पुस्तक तिला उचलायला लावतो. तिला खरंच काही वाटत नसतं, त्यामुळे अभिनय करावा लागत नाही.

दिवाळी अंक विसरू नका. नवल आणि धनंजय यांचे जुने अंक लोक रद्दीत टाकतात, त्यात अशा कथा असतात ज्या पुढे पुस्तकात आल्याच नाहीत.

रात्रपाळी

तुंबाड सिनेमा आला २०१८ ला आणि किलोतला माल नगात गेला. त्यात धारपांच्या कथेचा धागा आहे म्हटल्यावर ज्यांनी कधी पुस्तक हातात धरलं नव्हतं तेही "जुनी आवृत्ती आहे का" विचारू लागले. ऑनलाइन एकाने फाटक्या प्रतीला "अतिदुर्मिळ" लिहून दीड हजार लावले होते. तीच कादंबरी नव्या छपाईत दुकानात मिळते.

स्पष्टवक्ता_७१

मग नवी छपाई घ्या ना! वाचायचंच आहे तर. रद्दीतली धूळ आणि कसर घरात आणण्यात काय अर्थ आहे?

जुनादर

धारपांचं नवं मिळतं म्हणून तुम्ही असं म्हणू शकता. फाटकंपान यांच्या इन्स्पेक्टरचं नवं कोण छापणार? तिथे रद्दी हीच शेवटची प्रत.

स्पष्टवक्ता_७१

हा मुद्दा मान्य.

सुपारीफुटी

स्पष्टवक्तांनी एकाच धाग्यात दोनदा माघार घेतली. वाचनखूण साठवली.

कोकणी_दमट

कसरीबद्दल. आमच्याकडे चार महिने भिंती रडतात, तरी माझी तीनशे पुस्तकं शाबूत आहेत. नवं, म्हणजे जुनं, पुस्तक आणलं की थेट कपाटात नाही. आधी दोन दिवस सावलीत उघडं. मग प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करून डीप फ्रीजरमध्ये आठवडाभर. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, दिवसभर तशीच ठेवायची, नाहीतर पानांवर पाणी धरतं. अंडी-अळ्या मरतात. घरचे "कोळंबीशेजारी खून नको" म्हणून ओरडतात, त्याला इलाज नाही.

कपाटात वेखंडाची पुरचुंडी. डांबरगोळ्या नकोत, त्यांच्या वासाने माणूसच आधी मरतो. सेलोटेप तर अजिबात नको. पाच-दहा वर्षांत तिचा डिंक तपकिरी होऊन कागदात मुरतो आणि अक्षरंच खातो. फाटलं असेल तर पातळ जपानी कागद मिळतो आणि गव्हाच्या पिठाची खळ. ती नाही जमली तर फाटकंच राहू द्या.

खिळाजुळारी

आणि त्या गंजलेल्या पिना आधी काढा. चिमट्याने नका ओढू, पातळ सुरीने पाय सरळ करून मागून ढकला. गंज कागद जाळतो.

हा कागदच मुळात टिकायला केलेला नव्हता. वर्तमानपत्राचा स्वस्त कागद, त्यात लाकडाचा सगळा चोथा. उजेड आणि हवा लागली की आतल्या आत आंबट होत जातो. तुमचं पान बिस्किटासारखं तुटतं ते त्यामुळे. म्हणून पानांचे फोटो आत्ताच काढून ठेवा. वाचायचं ते फोटोवरून.

फाटकंपान

काका, पिना काढल्या आणि पानापानाचे फोटो काढत बसलो. त्यात एक सापडलं!

पान ५३ च्या खालच्या समासात, निळ्या शाईत, वेगळं अक्षर, बारीक आणि तिरकं: "पान ७ वरील इसमावर विश्वास ठेवूं नये. मामा नाहीं."

म्हणजे साठ वर्षांपूर्वी दादरच्या कुठल्यातरी लायब्ररीत ही भांडणं चालू होती!

टिचकी

आयडी कोण ते कळलं का? स्पष्टवक्ता_५९ असणार.

स्पष्टवक्ता_७१

माझा जन्मही नव्हता हो.

वाचनालयवाल्यांची_लेक

थांबा थांबा. फाटकंपान, जमीनदार शिकारीचा नाद असलेला म्हणालात ना? आणि आत्याकडे एक बोलणारी मैना आहे का, जी सारखी "दार लाव, दार लाव" म्हणते?

फाटकंपान

आहे!!! मी मैनेचं इथे लिहिलंच नव्हतं! ताई??

वाचनालयवाल्यांची_लेक

आमच्याकडे एक बांधणी उरलीय. आई तिच्यावर पाट टेकवून ठेवायची म्हणून रद्दीत गेली नाही. पुठ्ठ्यावर "रहस्य ३१४". आत तीन पुस्तकं, मधलं मैनेचं. नाव माझ्याकडेही नाही, बांधताना बाबांनी पहिलं पान काढून टाकलेलं दिसतंय. पण शेवट असावा. कधीतरी लहानपणी वाचलं होतं, मैना तेवढी आठवते, खुनी नाही. माळ्यावर चढावं लागेल. तुमच्या पान ३३ ची पहिली ओळ द्या, ताडून बघते.

फाटकंपान

'डॉक्टरांचे बूट ओले होते, पण बाहेर पाऊस पडला नव्हता.'

जुनादर

डॉक्टर. लिहून ठेवा. डॉक्टर.

नीलमोहर

इतके उघड ओले बूट म्हणजे डॉक्टर नक्कीच नाही. ती बाई, सेक्रेटरी.

कोकणी_दमट

सेक्रेटरी बाई आहे असं कुणी म्हटलं? माझं मत आत्या. मैनेला "दार लाव" शिकवणारी बाई साधी नसते.

स्पष्टवक्ता_७१

इन्स्पेक्टर स्वतः. तेवढं तरी नवीन असेल तर मी तिसरी माघार घेईन.

थेम्सकाठचा

इथे रात्रीचे दोन वाजलेत आणि मी हा धागा ताजा करत बसलोय. सकाळी मीटिंग आहे.

वाचनालयवाल्यांची_लेक

सापडलं. पान ३३ तंतोतंत तेच. पान ११३ ते १२८ आहेत, फक्त १२१ चा कोपरा उंदराने खाल्लाय. सोळाही पानांचे फोटो फाटकंपान यांना व्यक्तिगत निरोपातून पाठवलेत.

आणि १२८ व्या पानाखाली लाल पेन्सिलीने लिहिलंय, "ठीक". आजोबांचंच अक्षर.

खिळाजुळारी

त्या पानावर अगदी तळाशी बारीक टायपात मुद्रकाचं नाव आणि छापखान्याचा पत्ता आहे का बघा. पुष्कळदा शेवटच्या पानावर असतो. साल मिळेल.

वाचनालयवाल्यांची_लेक

आहे की ओळ, काका. पण साल जिथे असावं तिथेच बाबांच्या दाभणाचं भोक आहे.

खिळाजुळारी

१९५७ ते ६४ वरच थांबू मग.

फाटकंपान

वाचलं. बायकोलाही मोठ्याने वाचून दाखवलं, तोटीचं प्रकरण त्यामुळे मिटलं. पान ५३ वाला खरं बोलत होता, मामा नाही. कोण ते सांगू का इथे?

जुनादर

खबरदार. ताई, मला पण पाठवा फोटो.

नीलमोहर

मलाही. आणि फाटकंपान, इथे नाव लिहिलंत तर यापुढे तुमचा आयडी "पान ७ वरील इसम".